चपलांच्या दोन रांगा

मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर एकच खुर्ची होती आणि तिच्यावर तो बसला होता. मला बघून लगेच उठला.

"बसा. तुमचं काय प्रकरण?"

"मुलगी बाईंना चावली." लपवण्यात काय अर्थ होता! "तुमचं?"

"भाची शाळेत एक अक्षर बोलत नाही. बहिणीची हॉस्पिटलात ड्यूटी, म्हणून बोलणी खायला मी." मग हळूच म्हणाला, "दोघींना एका बाकावर बसवलं तर…?"

मी हसले. शाळेतून बोलावणं आलं की मला रात्रभर झोप लागत नाही, आणि मी चक्क तिथे हसले!

पुढे दर बुधवारी समुपदेशक बाईंच्या पालक-गटात तो भेटत राहिला. सगळे त्याला 'मामा' म्हणायचे, ऐकून ऐकून माझी लेकसुद्धा. मी मात्र नाही.

"तुम्ही एकट्याच मला 'अहो' म्हणता," एकदा चहा पुढे करत तो म्हणाला.

"मग? आवडत नाही?"

"छे… सवय लागेल, एवढंच."

मी लाजले आणि लगेच घाबरले. नवरा दोन वर्षांपूर्वी "मला नाही झेपत" म्हणून निघून गेला होता. लेकीचं ते किंचाळणं, फेकाफेक, डोकं आपटणं या माणसाने अजून पाहिलंच नव्हतं. पाहिलं की हाही जाणार, याची मला खात्री होती. म्हणून महिनाभर त्याला घरी बोलवायचं टाळलं.

शेवटी एका रविवारी तोच दारात उभा. हातात मी गटात विसरलेली छत्री, आणि स्वतः नखशिखांत भिजलेला.

"अहो, उघडायची ना ती!"

"तुमची आहे. न विचारता कशी उघडू?"

मी बघतच राहिले. तेवढ्यात त्याने बूट काढले आणि, अरे देवा, माझ्या चपलांशेजारी ठेवले.

आमच्या दारात दोन रांगा असतात. एक घरच्यांची, एक पाहुण्यांची. लेकीचा नियम. माझ्या चपलांशेजारची जागा तिने बाबा गेल्यापासून रिकामी ठेवली होती.

मला तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही. एक बूट जिन्यावरून खाली, दुसरा आरशावर. मग किंचाळणं. नऊ वर्षांची पोर, पण आवरता आवरेना. ती भिंतीवर डोकं आपटायला लागली तशी मी मध्ये उशी धरली आणि त्याच्याकडे न बघता म्हटलं, "जा तुम्ही… प्लीज."

जिन्यात पावलं वाजली. गेला. मला रडू आलं, पण डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

मग तीच पावलं परत वर आली. तो दाराशी जमिनीवर बसला, ओल्या मोज्यांत, हातात एक बूट. बोलला नाही, जवळ आला नाही. बाई गटात सांगतात तसा नुसता थांबला. चांगला अर्धा तास.

लेक दमली. नाक पुसत म्हणाली, "मामा, तुझे बूट चुकीच्या रांगेत होते."

"चुकलो. पण मामा नको ना म्हणूस."

"का?"

"मामा म्हणजे आईचा भाऊ. मला… आईचा भाऊ नाही व्हायचं." त्याचे कान लाल झाले होते.

तिने विचार केला. आरशाखालचा बूट उचलला, त्याच्या हातातलाही घेतला. "आई, मग हे कुठे ठेवू?"

आज हो म्हटलं आणि उद्या हा गेला, तर ती रिकामी जागा तिला पुन्हा बघावी लागणार.

"मला वाटलं, तुम्ही गेलात," मी त्याला म्हटलं.

"अहो, बूट आणायला गेलो होतो."

तो पहिल्यांदाच मला 'अहो' म्हणाला. मला तो हवा होता. भीती वाटत होती, तरी हवा होता.

"घरच्यांच्यात ठेव," मी लेकीला म्हटलं.

तिने बूट माझ्या चपलांशेजारी ठेवले, टाचेला टाच लावून. मग त्याच्याकडे वळून दटावलं, "आता न विचारता न्यायचे नाहीत हं!"