ताबा

कोर्टाचा हुकूम मिळाला तसा घरमालक बेलिफाला घेऊन भरदुपारी घराचा ताबा घ्यायला गेला. भाडेकरू म्हणजे एक शिंपी आणि त्याची बायको. मुदत संपून वर्ष उलटलं, तरी दोघं हलायचं नाव घेत नव्हती. घरमालकाला आता त्यांचा रागही येत नव्हता. आई गेल्यापासून त्याला तसं कशाचंच काही वाटत नसे. ती याच घरात गेली, एकटी. महिन्याभरात त्याने घर भाड्याने देऊन टाकलं होतं.

दार शिंप्याने उघडलं. आत उजेड कमी होता. शिलाई मशीन दोरीने आवळलेलं, बोचकी भिंतीशी लावलेली.

"सामान बांधलंय की," घरमालक म्हणाला. "मग अडलंय कुठे?"

"रोज बांधतो, साहेब." शिंपी दबक्या आवाजात बोलत होता. "सकाळी सगळं पुन्हा जागच्या जागी असतं. आजी जाऊ देत नाहीत…"

"कोण आजी?"

शिंप्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. त्याची बायको म्हणाली, "तुमच्या आई. आतल्या खोलीत असतात. म्हणतात, तुम्ही गेलात तर माझ्याशी बोलणार कोण…"

बेलिफ हसला. "जागा सोडायची नसली की काय काय सुचतं लोकांना."

घरमालक आतल्या खोलीत गेला. खिडकी बंद होती. गुडघ्यांना चोळायच्या तेलाचा वास कोंडून राहिला होता. खाटेवरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. त्याने तिच्यावर हात ठेवला. ऊब होती, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी. आपण घाबरायला हवं, हे त्याला कळत होतं. पण आत काही हललं नाही. बाहेर येऊन तो म्हणाला, "सामान उचला."

टेम्पो भरला. शिंपी मागे वळून न बघता जिना उतरला. बायको दारात घुटमळली.

"त्यांना एकटं राहवत नाही हो… आता तुम्हीच बघा."

सही घेऊन बेलिफही गेला. घरमालकाने रिकाम्या खोल्यांतून एक फेरी मारली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. कुलूप अडकवणार, तोच आत पावलं वाजली. सावकाश, एक पाय जरासा ओढत. दारापाशी येऊन थांबली.

"आई…" स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

आतून कडी लागली. पाहुणे निघून गेल्यावर लावतात, तशी.