शून्य विचलन

विचलनमापीच्या पडद्यावर आकडा उमटला आणि डॉ. कौस्तुभ वैरागडे खुर्चीतून अर्धवट उठले. नागपूरच्या संवादविज्ञान संस्थेत हे यंत्र बसवल्यापासून वैरागडेच ते चालवत होते. असा आकडा त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"अभिनंदन, मॅडम! शून्य विचलन. माणूसपण मोजायचंच झालं, तर तुम्ही शंभर नंबरी."

ऋजुता देवतळेने हवं तेवढंच स्मित केलं आणि नजर त्यांच्या डाव्या भुवईवर ठेवली. कुणाच्या डोळ्यांत पाहिलं की तिला भाजल्यासारखं होई. भुवईकडे पाहिलं तर समोरच्याला फरक कळत नाही, हा शोध तिने शाळेतच लावला होता. आज, एकावन्नाव्या वर्षी, ती इथे नेमकं उलट उत्तर ऐकायला आली होती.

यावं की न यावं, यात एक वर्ष गेलं होतं. धाकटी बहीण शलाका फोनवर म्हणाली होती, "ताई, काय करून राहिलीस हे? पन्नाशी उलटली, आता स्वमग्नतेचं निदान घेऊन काय लोणचं घालायचंय? चारचौघांत माझ्यापेक्षा नीट बोलतेस तू!"

नीट बोलणं हेच तर दुखणं होतं. लग्नकार्याला जाण्याआधी ऋजुता आरशासमोर गप्पा पाठ करी, आणि परतल्यावर पडदे ओढून पडून राही. ‘स्वमग्नता’ हा शब्द ज्या विद्वानाने घडवला त्याला तिचा साष्टांग नमस्कार होता. इतरांचे चेहरे वाचण्यात जिचा जन्म गेला, तिला स्वतःत मग्न होण्याची चैन कधी परवडलीच नव्हती. तिला प्रमाणपत्र नको होतं. आपल्यासारखं आणखी कुणी आहे, एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि आज तपासणीत एक नवल घडलं होतं. पडद्यावरच्या प्रमाणसंवादीशी, म्हणजे यंत्राने रचलेल्या त्या ना स्त्रीच्या ना पुरुषाच्या चेहऱ्याशी, बोलताना ती थकली नव्हती. तो चेहरा तिच्याइतकाच थांबत होता, तिचं वाक्य पुरं होऊ देत होता. निरोप घेताना तिचा पाय निघेना.

"शून्य म्हणजे शून्याच्या जवळपास?" तिने विचारलं.

"छे, शून्यच."

"मी जुन्या पोथ्यांची संपादक आहे, डॉक्टर. दोन प्रती तंतोतंत कधीच जुळत नाहीत. जुळल्या, तर ती एकच प्रत असते. तुमची आधारप्रत कुठली?"

हा प्रश्न आवडीचा असल्यासारखे वैरागडे खुलले. "सुरुवातीला इथे हजारो तरुणांची संभाषणं टिपली होती. त्यांतून चाळीस जण निवडले, ज्यांच्या बोलण्यात सर्वांत कमी चुका. मध्येच तोडणं नाही, नजर भरकटणं नाही, विषय सोडणं नाही. त्यांची सरासरी म्हणजे प्रमाण. तुम्ही त्यापासून जितके दूर, तितकं तुमचं विचलन. पडद्यावरचा चेहराही वागणं त्या सरासरीतूनच घेतो."

"त्या चाळिसांत मी होते," ऋजुता म्हणाली. "एम.ए.ला असताना. निवड झाली तेव्हा रडले होते. वाटलं, माणसांत पास झाले."

"अरे वा! मग तर प्रश्नच मिटला."

"मिटला कसला? पोथी नकलणाऱ्याला अर्थ कळत असेल, तर तो चुकतो. भरात आपलाच शब्द घालतो, ओळ गाळतो. ज्याला अर्थ कळत नाही, तो धास्तीने अक्षर अन् अक्षर उतरवतो, आणि त्याची प्रत सर्वांत शुद्ध निघते. तुम्ही शुद्ध प्रती निवडल्यात, डॉक्टर. ज्यांना बोलणं आपसूक येतं, ते सगळे तुमच्या पहिल्याच चाळणीत गळले."

वैरागडेंचं स्वतःचं विचलन दरवर्षी वाढत होतं; ते त्याला वय म्हणत. निम्मं शहर या यंत्राने स्वमग्न ठरवलं होतं. सरकारी आयोगाने त्याचा दोष आधी मोबाईलला दिला, मग गव्हाला, आणि अखेर रिवाजाप्रमाणे आयांना.

"तरीही चाळिसांची सरासरी एकाशी जुळायची नाही," ते पुटपुटले. "हां, आपल्या संभाषणाचा नमुना परत घेण्याचा हक्क कायद्याने दिलाय. कुणी घेतला, की यंत्र उरलेल्यांवरून प्रमाण आपोआप पुन्हा काढतं."

"किती उरलेत?"

हे कधी कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी पाहिलं, आणि चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"एक."

म्हणजे ज्या चेहऱ्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा जीव विसावला, त्यामागे ती स्वतःच होती. चेहरा म्हातारा होतो. पाठ केलेलं होत नाही.

"बाकीचे?" तिने विचारलं.

"तपासणीलाच आले होते, तुमच्यासारखे. याच खुर्चीत बसले. उत्तर ऐकलं की नमुना परत मागायचे. मी समजायचो, खासगीपणाची काळजी."

"कुणी चिडलं नाही?"

"नाही हो! फार सज्जन माणसं. हसून आभार मानायची आणि..." ते अडखळले. "सगळी माझ्या भुवईकडे बघायची. मला वाटायचं, काही लागलंय की काय."

ऋजुता हसली. हे हसू तिने पाठ केलेलं नव्हतं.

"शेवटी कोण आलं होतं?"

"नाव सांगता येत नाही. एक गृहस्थ, दिवाळीनंतर. तेव्हा प्रमाणात दोघंच उरले असणार, ते आणि तुम्ही. म्हणजे पडद्यावर अर्धे ते, अर्ध्या तुम्ही." वैरागडेंनी चष्मा पुसला. "वेळ संपली तरी उठेनात. म्हणाले, आणखी थोडं बोलू द्या. पुन्हा येता येईल का, असंही विचारलं. मी म्हटलं, निकाल चांगला आलाय, आता कशाला?"

तिच्याशी आणखी थोडं बोलावंसं आजवर कुणाला वाटलं नव्हतं.

"मॅडम, तुम्हीही नमुना काढलात तर यंत्र बंद पडेल. तुम्हालासुद्धा निदान मिळायचं नाही."

"मला मिळालं. नमुना बदलता येतो?"

"येतो, पण..."

"मग जुना पुसा, नवा घ्या. आणि त्या गृहस्थांना कळवा, पुन्हा येता येईल म्हणून."

"नवा म्हणजे पाठ न केलेला? अहो, उद्यापासून अख्खं शहर स्वमग्न ठरेल! मंत्रीसुद्धा!"

"ठरू द्या. पुन्हा आयोग नेमतील. या वेळी बापांना दोष देऊन बघतील."

वैरागडेंनी कळ दाबली. ऋजुताने नजर त्यांच्या भुवईवरून काढली आणि खिडकीच्या जाळीवर नेऊन ठेवली. आईच्या धाकाने लहानपणीच मुठीत कोंडलेली बोटं गुडघ्यावर हलू लागली. चेहऱ्यावरचं सौजन्य ओसरलं.

"बोला," ते म्हणाले. "कसा झाला प्रवास?"

तिने उत्तर दिलं नाही. मग सपाट, संथ आवाजात, पडद्यापलीकडे कधीतरी पुन्हा येऊन बसणाऱ्या त्या गृहस्थाला ती सांगू लागली:

"जुन्या शाईत काळेपणासाठी घातलेला हिराकस जास्त झाला, की ती कागद खाते. अक्षरं गळून पडतात, त्यांच्या आकाराची भोकं उरतात. लोक म्हणतात, पोथी गेली. पण पान उजेडासमोर धरलं, की वाचता येतं."