काठापासून बारा पावलं

एस्तेर गुडघाभर पाण्यात उभी राहून बांबूनं खोली मोजत होती. मागून आवाज आला,

"बाई, आणखी दोन पावलं पुढं गेलात तर बांबू वर ऱ्हाईल आन् तुमी खाली."

तिनं आधी माप पूर्ण घेतलं. वहीत 'कमरेइतकं' अशी नोंद केली, पेन्सिल कानामागं खोवली आणि मग वळून पाहिलं. काठावरच्या काळ्या खडकावर एक तरुण बसला होता. पांढरा बनियन, खाकी हाफपँट, मांडीवर पळसाच्या पानांचा द्रोण. तो तिच्याकडे पाहत नव्हता, द्रोणातली करवंदं निवडत होता.

"तुम्हाला काय माहीत?"

"पान्याखाली शेताचा जुना बांध हाय तिथं. त्याच्यापुढं एकदम खोल. ल्हानपनी मी तिथंच बुडालो हुतो."

"मग?"

"मग..." त्यानं एक करवंद तोंडात टाकलं. "न्हाई बुडालो."

एस्तेर हसली नाही. पण हसू येऊ शकलं असतं, हे तिच्या लक्षात आलं.

१९७२ चा मे महिना होता. एस्तेर संगमनेरच्या शाळेत गणित शिकवायची. चोवीस वर्षांची होती, आणि घरातलं कुठलंही काम तिच्या वहीतून गेल्याशिवाय पार पडत नसे. तिचे वडील दावीद मास्तर त्याच शाळेत भूगोल शिकवायचे. सव्वीस वर्षं त्यांनी मुलांना महासागर शिकवले, प्रवाळ शिकवलं, समुद्राच्या तळावरचे डोंगर शिकवले. स्वतः मात्र हनुवटीच्या वर कधी बुडाले नव्हते. त्या वर्षी मुंबईच्या एका चुलतभावानं त्यांना पाण्यात घालायचे दोन काचेचे चष्मे आणि एक श्वासाची नळी भेट दिली. मास्तरांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, की सुट्टीत सगळ्यांनी भंडारदऱ्याला जायचं, आठ दिवस राहायचं आणि काठावरूनच बुड्या मारून पाण्याखालचं जग बघायचं. धाकटी, तेरा वर्षांची रूथ उड्या मारायला लागली. आई म्हणाली, "मी कपडे सांभाळीन." आणि एस्तेरनं नवी वही काढली.

धरणाजवळच्या ज्या विश्रामगृहात ते उतरले, तिथले चौकीदार शमुवेलकाका. करवंदवाला त्यांचाच मुलगा निघाला. याकोब.

"माजा याकोब नेव्हीत पानबुड्या हाय," चहा देता देता शमुवेलकाका म्हणाले. "परवाच्या लढाईत दुश्मनाच्या जहाजाखाली जाऊन आला. राजूरच्या बाजारात हार घातले लोकांनी. इचारा कुनालाबी."

याकोब दारात उभा होता. लाकडं आणायला म्हणून तो वळला.

"म्हणजे आपलं नशीबच!" मास्तर आनंदानं म्हणाले. "आता शिकवायचं तुम्हीच, याकोबराव."

त्या दुपारी व्हरांड्यात एस्तेरनं वही उघडली आणि याकोब तिच्यासमोर मांडी घालून बसला. वाऱ्यावर जांभळीची पानं हलत होती. समोर धरणाचं पाणी यंदा फारच खाली गेलेलं... काठाची तांबडी माती भेगाळून उघडी पडलेली.

"वेळ?" तिनं विचारलं.

"सकाळी सात ते नऊ. धानंतर वारं सुटतं, पानी गढूळ व्हतं."

"धा नाही, दहा."

"दहा," तो मुकाट्यानं म्हणाला. "पन वारं तेच सुटतं."

तिनं खाली मान घालून लिहिलं. "जागा?"

"आमराईखालची. तिथं उतार बेताचा हाय, तळाला मुरूम. काठापासून बारा पावलं. त्याच्या म्होरं न्हाई. बाराव्या पावलावर मी दोरीला रिकामा डबा बांधतो, तरंगत ऱ्हाईल. डब्याच्या पल्याड जो जाईल त्यानं दुसऱ्या दिवशी काठावर आईंसंगं बसायचं."

"आणि नियम?"

"एकट्यानं बुडी न्हाई. दोघं दोघं जायचं. एक खाली, एक वर, डोळा काढायचा न्हाई. जोरजोरात श्वास भरून बुडी मारायची न्हाई, मानूस पान्यातच झोपी जातो. कान दुखला की वर. आन् सर्दी असंल..." तो थांबला. "सर्दी असंल तर पान्यात पायच घालायचा न्हाई. कुनी कितीबी म्हनू द्या."

शेवटचं वाक्य त्यानं जरा जास्तच जोरात म्हटलं. एस्तेरनं मान वर केली. त्याचे डोळे पाण्याकडे होते. तिनं वहीत 'सर्दी' या शब्दाखाली रेघ मारली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला धडा झाला तो थुंकण्याचा.

"काचेवर आतनं थुंका," याकोब म्हणाला, "आन् चोळून धुवा. मंजी वाफ धरत न्हाई."

रूथ आनंदानं थुंकली. मास्तर शास्त्रीय कुतूहलानं थुंकले. एस्तेर चष्मा हातात धरून तशीच उभी राहिली.

"मी तिकडं बघतो," याकोब म्हणाला आणि खरंच पाठ करून उभा राहिला.

"बघितलंत तरी चालेल."

"न्हाई, ऱ्हाऊ द्या. पुढं कधी आठवन काढायची झाली तर थुंकताना नको."

ती या वेळी हसली. मोठ्यानं नाही, पण आईनं काठावरून मान उचलून बघितलं, इतपत.

दिवस जात राहिले. मास्तरांनी पहिल्यांदा पूर्ण डोकं पाण्याखाली घातलं आणि वर आले ते रडतच. "काही नाही गं, पाणी गेलं डोळ्यांत," असं म्हणत राहिले, चष्मा घट्ट बसलेला असताना. रूथला एक खेकडा सापडला आणि तिनं त्याला नाव ठेवलं. एस्तेर लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली होती, त्यामुळे तिला भीती नव्हती. ती तळाशी जाऊन मुरूम हातात घ्यायची आणि वर बघायची. वर पाण्याची हिरवट काच... आणि जवळच, छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या याकोबचे दोन पाय. ते कधीच हलायचे नाहीत.

चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की ते पायच तिला दिसतात. चेहरा कधीच नाही. याकोब हाताला धरून उतरवायचा, नाक दाबून कान कसे मोकळे करायचे ते दाखवायचा. पण त्याचं डोकं एकदाही ओलं झालं नव्हतं. तिनं दोन दिवस नीट पाहिलं. खात्री झाल्यावर सहाव्या दिवशी, बाकीचे अंग पुसत असताना, ती म्हणाली,

"याकोब, आज माझी जोडी नाही. बाबा दमलेत, रूथला आई सोडत नाही. तुम्ही चला ना खाली."

"मी वर थांबतो की."

"माहीत आहे. तुम्ही नेहमी वरच थांबता."

त्यानं डब्याकडं पाहिलं. डबा पाण्यावर डुलत होता.

"उजव्या कानाचा पडदा फाटलाय," तो शेवटी म्हणाला. "सर्दी हुती. सरावाची बुडी चुकवायची न्हवती मला, म्हनून सांगितलंच न्हाई कुनाला. गेलो खाली. कानात असं... जसं कुनी कापड फाडलं. मग जमीन कुठं, आभाळ कुठं, काय कळंना. वर काढला मला. लढाई झाली तवा मी कोचीनला दवाखान्यात पडून हुतो, बाई. जहाजबिहाज कायबी न्हाई. आता परत पान्याखाली जायचं न्हाई म्हने. गोदामात नेमलंय."

"आणि हार?"

"बानं कुनाकडनं काय ऐकलं, देव जाने. मी सुट्टीवर आलो तर येशीवर ताशा वाजत हुता. त्याच्या तोंडाकडं बघितलं... आन् गप्प बसलो. आता तीन आठवडं गप्पच हाय."

एस्तेरला वाटलं होतं की तिला राग येईल. खोटं तिला सहन होत नसे. उत्तर चुकलं तर चालेल, पण शेजाऱ्याचं बघून लिहिलेलं बरोबर उत्तर चालणार नाही, हे ती पोरांना दरवर्षी सांगायची. पण राग आला नाही. ओल्या केसांतून पाणी गळत होतं आणि ती त्याच्या कोरड्या कपाळाकडे पाहत होती.

"मला का सांगितलंत?" तिनं विचारलं.

"तुमी इचारलंत. बाकी कुनी इचारलंच न्हाई."

"मग काकांनाही सांगा. त्यांनी विचारायची वाट बघू नका."

"तो मरंल लाजेनं."

"कदाचित," ती म्हणाली. "पण तुम्हाला परस्पर ठरवता येणार नाही ते."

हे फार कोरडं झालं, असं तिला लगेच वाटलं. मागं घ्यावं, काहीतरी मऊ बोलावं... पण तेवढ्यात रूथनं हाक मारली.

सातव्या दिवशी दुपारी शमुवेलकाका सगळ्यांना भाकरी वाढत होते. याकोबनं ताट बाजूला सारलं आणि उभा राहून सांगितलं. दवाखाना, सर्दी, गोदाम, सगळं. त्याचा आवाज एकदा फाटला, पण तो थांबला नाही. मास्तरांनी घास हातात धरला होता, तो तसाच राहिला.

शमुवेलकाका भाकरीची टोपली घेऊन उभे होते. त्यांनी ती खाली ठेवली.

"मंजी आता पान्याखाली जायचं न्हाई?"

"न्हाई, बा."

"कदीच?"

"कदीच न्हाई."

म्हातारा भिंतीला टेकून खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. याकोब पुढं झाला, तेव्हा तो हातांआडून म्हणाला, "चार वरसं झाली रं... वारं सुटलं की उठून बसायचो. लोकांला म्हनायचो पोरगा पानबुड्या हाय. आन् आत नुसतं धडधड. लई बरं झालं, बाबा. लई बरं झालं." मग एकदम तोंड उघडं करून, ओरडून, "आन् त्या बाजारातल्या लोकांला तूच जाऊन सांग! मी न्हाई जायचा!"

याकोब त्याच दिवशी राजूरला जाऊन आला. तिथं काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. परतला तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण तीन कोस चालून आलेल्या माणसासारखी त्याला सपाटून भूक लागली होती.

आठव्या दिवशी सकाळी एसटी आली. याकोबनं ट्रंक टपावर चढवली. मास्तरांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मग ते आत जाऊन बसले. आई, रूथ चढल्या. एस्तेर पायरीपाशी थांबली.

"परवा मी फार कोरडं बोलले," ती म्हणाली.

"कोरडं बरं असतं. वल्लं लई बघितलं मी."

"कोचीनला कधी निघणार?"

"सोमवारी. पत्र लिहू का?"

"लिहा. पण काय लिहाल?"

"पयल्या पत्रात एकच वळ आसंल," याकोब म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "बाकीची पानं कोरी."

"एक ओळ असेल तर आत्ताच सांगा. पोस्टाला कशाला त्रास?"

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. धुरळा उडाला. याकोबनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, विश्रामगृहाकडं बघितलं. मग सरळ तिच्याकडं.

"मला तुमच्याशी लगीन करायचंय. गोदामातला कारकून हाय मी. एका कानानं कमी ऐकू येतं. बा चौकीदार हाय. एवढंच हाय सगळं."

एस्तेर त्याच्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं, आता मनात कारणं उभी राहतील, एकाखाली एक, नेहमीसारखी. ती थांबली. एकही आलं नाही.

"हो," ती म्हणाली.

"काय?"

"हो म्हणाले. बाबांना संगमनेरला, शाळेच्या पत्त्यावर लिहा. मी आज त्यांना सांगते."

कंडक्टरनं घंटी मारली. ती चढली आणि बस हलली. खिडकीतून याकोब रस्त्याच्या मधोमध उभा दिसत होता, दोन्ही हात लोंबकळत, बाजूला व्हायचं भान नसलेला. मागून बैलगाडीवाला त्याच्यावर ओरडत होता.

"ताई, काय म्हणाला गं तो?" रूथनं विचारलं.

एस्तेर उत्तर द्यायला लागली, पण शब्दाऐवजी हसूच आलं. आणि ते थांबेना. भरल्या गाडीत लोक वळून पाहू लागले. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तरी थांबेना. दावीद मास्तरांनी मुलीकडे एकदा पाहिलं, काचेबाहेर एकदा पाहिलं, आणि मग शेजारच्या अनोळखी पागोटेवाल्याला म्हणाले, "आमची थोरली. लग्न ठरलंय तिचं."