सात नंबरचा चिमटा

मला एक सांगा बाबांनो. तुमच्यासमोर चार तारा आहेत. तिन्हींत करंट आहे, एक बंद आहे, आणि बंद असलेली तार तुम्हाला कापायची आहे. भरोसा कोणावर ठेवाल?

"मीटरवर," माझ्या दुकानात काम शिकणारा पुंजाराम म्हणाला. "माणूस चुकते काका, मीटर नाई चुकत."

"आणि मीटर बरोबर आहे हे कोण सांगते?"

"त्याच्यावर तपासल्याची चिठ्ठी असते ना."

"चिठ्ठीवर सही कोणाची असते? मीटरची?"

बरं. बसा. कंदिलाची वात जरा खाली करा, रॉकेल काही फुकट येत नाही. गेलेली लाइन येईपर्यंत एक हकीकत सांगतो. ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरली तो सूर्यभान माझ्याच बरोबरीचा. आम्ही दोघांनीही हे विजेचं काम कुठल्या शाळेत शिकलं नाही. मी सामान विकत विकत शिकलो, तो यंत्रं उघडून उघडून शिकला.

सूर्यभानचं दुकान अमरावतीला, कापूस मार्केटच्या मागच्या बोळीत. दोन खणांचं. तिथे तो चिमटे तपासायचा. टाँग टेस्टर म्हणतात ते. आपल्याकडे सगळे चिमटाच म्हणतात. तार तोडावी लागत नाही, सोडवावी लागत नाही. जबडा उघडायचा, तार आत घ्यायची, मिटायचा. आतून किती करंट वाहतो ते काटा सांगतो. चांदूर बाजारचा एक संत्रेवाला एकदा त्याच्या दुकानात आला, चिमटा हातात घेऊन पाहिला आणि वजनकाटा समजून विचारलं, "मास्तर, याच्यात किती शेर बसते?" सूर्यभान ही गोष्ट दहा वर्षं सांगत होता. हसरा माणूस.

त्याची तपासायची एक रीत होती. भिंतीला एक पाटी, पाटीवर वीस मोठे बल्ब. तारेत एक पक्का मीटर जोडलेला, नागपूरहून पारखून आणलेला. आधी चिमटा रिकामा पाहायचा, मग अर्धे बल्ब लावून, मग सगळे लावून. प्रत्येक वेळी काचेवर बोटाच्या पेराने टिचकी मारायची, म्हणजे काटा कुठे अडकला असेल तर हलतो. पक्का काय दाखवतो, चिमटा काय दाखवतो, दोन्ही आकडे वहीत. मग चिमट्यावर चिठ्ठी: तपासला, बरोबर, तारीख, सही.

सन एकेचाळीसची गोष्ट. लढाई सुरू होती, विलायतेचा माल बंद. नवा चिमटा सोन्याच्या भावानेही मिळत नव्हता, तर सगळे कापसाच्या जिनिंगवाले जुनेच घासत होते. दिवाळी झाली, कापूस यायला लागला, आणि एकदम अकरा चिमटे सूर्यभानच्या टेबलावर. सगळ्यांना परवा पाहिजे. पाच तपासून झाले आणि पाटीवरचे बल्ब उडाले. नवे बल्ब मिळेनात. सूर्यभानने गेल्या सालची वही उघडली. हेच अकरा चिमटे, हीच गिऱ्हाइकं. एका वर्षात काय बिघडते, म्हणून त्याने गेल्या सालचे आकडे जसेच्या तसे उतरवले आणि सहा चिठ्ठ्या चिकटवल्या.

त्या सहांतला सात नंबरचा चिमटा देवीदासचा. देवीदास भातकुलीचा, तिथल्याच जिनिंगमध्ये वायरमन. वाचता येत नव्हतं, काट्याखालचे आकडे तेवढे ओळखायचा. चिमटा न्यायला आला तेव्हा त्याने विचारलं, "मास्तर, नीट पाह्यला ना? मी यालेच विचारून तारेले हात लावतो."

"पाह्यला," सूर्यभान म्हणाला.

दहाव्या दिवशी देवीदास गेला. जिनिंगमधली एक मोटर बंद पडली होती, बाकी तीन चालू. सीझनमध्ये सगळं थांबवायचं मालकाच्या जिवावर येते. चारही मोटरींच्या तारा एकाच पेटीतून निघालेल्या, धुळीने सारख्या काळ्या. देवीदासने पहिली तार चिमट्यात धरली. काटा शून्यावर राहिला, म्हणून हीच बंद मोटरची, असं धरून पक्कड लावली. ती चालू मोटरची होती.

चौकशी झाली. चिमट्यावर चिठ्ठी होती: तपासला, बरोबर. म्हणजे मीटर चुकला नाही, म्हणजे देवीदासनेच चुकीची तार धरली. असं सगळे बोलायला लागले. अकोल्याच्या सरकारी वीज-तपासणी साहेबांनी चिमटा पोत्यात घालून लाखेची मोहर केली, आणि सूर्यभानला निरोप दिला, बुधवारी वही घेऊन ये.

मंगळवारी संध्याकाळी देवीदासची बायको तानुबाई दुकानावर आली. आदल्याच दिवशी दहावा झाला होता. ओट्यावर बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "मास्तर, मलेबी उद्या अकोल्याले बलावलं हाये. लोक म्हनतात, त्याइच्याच हातानं झालं, पेला असंल. जलमात कधी थेंब घेतला नाई त्याइनं. तुमच्या वहीत काय हाये तेवढं सांगा. मले पोराले सांगाले काई पायजे."

सूर्यभान खाली पाहून म्हणाला, "मीटर बरोबर होता, बाई."

तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. मग गेली.

ती रात्र कार्तिकातल्या अमावास्येची. तारीख अठरा नोव्हेंबर. जेवण झाल्यावर सूर्यभानने कोट घातला. त्याची बायको पार्बताबाई म्हणाली, "आता कुठं निंघाले? आज आवस हाये."

"वही आनतो. सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरायची आहे."

वही आणायची होती हे खरं. पण तेवढंच नाही. सहा नोंदी गेल्या सालच्या सहा नोंदींशी तंतोतंत जुळत होत्या, आणि साहेब दोन्ही पानं शेजारी ठेवणार हे त्याला कळत होतं. दोन-चार आकडे इकडचे तिकडे करायचे होते.

बोळीत चिटपाखरू नव्हतं. दुकान उघडलं, दिवा लावला, आतून कडी घातली. आठवडाभराखाली नवे बल्ब आले होते, पाटी पुन्हा भरली होती. त्याने वही उघडली, टाक बुडवला. पहिला आकडा बदलला. चौदाचे साडेचौदा. दुसरा बदलला. शाई टिपली. मग सात नंबर आला, आणि टाक तिथेच थांबला.

कडी वाजली.

सीझनमध्ये रात्रीबेरात्री जिनिंगची माणसं येतात. सूर्यभानने वहीवर कागद ठेवला. "कोण आहे?"

"मीटर तपासाचा व्हता, मास्तर."

"सकाळी या."

"सकाळी तुमाले गाडी हाये ना."

सूर्यभानला वाटलं, पार्बताबाईनेच कोणाला सांगितलं असेल. त्याने दार उघडलं. ओट्यावर एक माणूस, डोक्यावरून घोंगडी. दिव्याचा उजेड त्याच्या पायांपर्यंतच पोचत होता. दुरून चालत आल्यासारखा तो श्वास घेत असावा असं वाटलं. पण श्वासाचा आवाज नव्हता. त्याने डाव्या हाताने चिमटा पुढे केला.

सूर्यभानने घेतला. टेबलाशी आला. दिव्याखाली धरला.

चिठ्ठी. स्वतःची सही. नंबर सात.

सात नंबर अकोल्यात होता. पोत्यात. मोहरेखाली.

त्याची पाठ दाराकडे होती. त्याला वळता येईना.

"तपासा ना," मागून आवाज आला. रागाचा नाही. गिऱ्हाईक बोलते तसाच.

सूर्यभान मला सांगायचा, खुशालराव, त्या वेळी माझे हात माझे नव्हते. वर्षानुवर्षं जे केलं तेच ते करत होते. त्यांनी तार चिमट्यात घेतली. अर्धे बल्ब लावले. मग सगळे लावले. सगळं दुकान पिवळंजर्द झालं. काटा हलला नाही. काचेवर टिचकी मारली. हलला नाही.

"किती दाखवते?"

"…शून्य."

"आन् पक्का?"

"पंधरा."

"वहीत काय लिवलं हाये?"

सूर्यभानने वहीवरच्या कागदावर हात दाबून धरला.

"वाचा ना मास्तर. मले कुठं वाचता येते."

त्याने कागद बाजूला केला. "पंधरा," तो म्हणाला.

बल्बांची उष्णता मानेला लागत होती. आणि त्या उष्णतेतून, त्याच मानेवर, गार काहीतरी आलं.

त्याच्या खांद्यावरून एक हात पुढे आला.

पाऊल वाजलं नव्हतं. उजवा हात. तीन बोटं काळी. कोळशासारखी. त्या हाताने तार चिमट्यातून काढली. जबडा उघडला. स्वतःचं मनगट आत घातलं. जबडा मिटला.

"आता पाहा."

काटा थरथरला.

पाच.

दहा.

पंधरा… वीस…

सूर्यभान पाहत होता. काटा शेवटापर्यंत गेला आणि तिथल्या खिळीवर आपटायला लागला. टक्. टक्.

"बंद करा मास्तर," कानाशी आवाज आला. आता त्यात रडं होतं. "अजून वाहूनच राहिलं."

सूर्यभान धडपडत भिंतीकडे गेला. मेन स्विच खाली ओढला. वीसही बल्ब गेले. दिवा गेला.

काळोख.

टक्.

टक्.

"बंद केलं…" सूर्यभान म्हणाला. "बंद केलं रे देवीदास…"

"नाई झालं."

टक्.

तो खाली बसला. भिंतीला पाठ लावून. दोन्ही हात कानांवर. आवाज कानांच्या आत होता. किती वेळ… त्याला सांगता यायचं नाही. मग त्याच्या तोंडून आपोआप निघालं.

"मी पाह्यला नव्हता."

टक्.

"सात नंबर मी पाह्यलाच नाही. सहा चिमटे पाह्यले नाहीत मी. वहीत खोटं लिवलं."

…

…

मग आवाज आला नाही.

"काका," पुंजाराम म्हणाला, "तो कंदील थोडा मोठा करू का?"

कर. पण ऐक, संपत आलं.

उजाडेपर्यंत सूर्यभान तिथेच बसून होता. उजेड आला तेव्हा टेबलावर वही होती, टाक होता, चिमटा नव्हता. मला विचाराल तर इथपर्यंत मी त्याला एवढंच म्हटलं असतं, की बाप्पा, तुझ्या मनाने तुला खाल्लं. रात्रीची झोप नाही, डोक्यात ओझं, माणसाला काहीही दिसते. मी व्यापारी माणूस, मला डोळ्यांनी पाहिलेलं पटते.

सकाळच्या गाडीने तो अकोल्याला गेला. कचेरीत तानुबाई भिंतीशी बसली होती. साहेबांनी वही मागितली. सूर्यभानने दिली, आणि बसायच्या आधीच बोलला. पाच तपासले, सहा नाही. आकडे गेल्या सालचे. काल रात्री दोन आकडे खोडले, ते हे आणि हे. बाकी पाच चिमटे कुठे कुठे गेले, त्यांची नावं. आज संध्याकाळच्या आत ते परत घ्या, साहेब, मग माझं काय करायचं ते करा.

साहेबाने दोन्ही पानं पाहिली. एक शिपाई तिथूनच दर्यापूरला, एक मूर्तिजापूरला सोडला. दर्यापूरच्या जिनिंगमधला चिमटा नंतर तपासला तेव्हा तो चाळीसच्या जागी बारा दाखवत होता. तिथला वायरमन अजून जिवंत आहे, माझ्याकडूनच तार नेतो. सूर्यभानचं तपासणीचं काम गेलं, दोन वर्षं बोळीत कोणी त्याला पंखासुद्धा दुरुस्तीला दिला नाही. ते त्याने मुकाट्याने सोसलं.

तर त्या दिवशी कचेरीत. तानुबाई उठून टेबलाशी आली होती. ती सूर्यभानला काही बोलली नाही. साहेबाला म्हणाली, "म्हंजे त्याइची चूक नव्हती."

"नव्हती," साहेब म्हणाला. "मी तसं लिहून देतो."

मग चिमटा सगळ्यांसमोर उघडून पाहावा म्हणून पोतं आणलं. लाखेची मोहर अखंड. साहेबाने स्वतः पाहिली, शिपायाला दाखवली, मग फोडली. काच काढली तर काट्याच्या बुडाशी रुईचा एक बारीक तंतू अडकला होता. जिनिंगची रुई, गेल्या सीझनची. एकदा बल्ब लावून पाहिलं असतं तर काटा अडकलेला कळला असता. कारण सापडलं. सगळे मोकळे झाले.

साहेबाने चिमटा परत ठेवताना जबडा दाबला, आणि त्यातून काहीतरी टेबलावर पडलं.

काळा दोरा. मनगटाएवढं वेटोळं. गाठ मारलेली, कुठे तुटलेला नाही, कुठे जळलेला नाही.

"हा कोणी घातला आत?" साहेबाने विचारलं. पोतं बांधणारा शिपाई म्हणाला, मी बांधला तेव्हा जबडा रिकामा होता.

तानुबाईने तो उचलला. गाठ उलटून पाहिली. मग अगदी हळू बोलली. "ही गाठ मी मारली हाये. पोर झालं तवा. टोक दातानं तोडलं व्हतं, हे पाहा." तिने दोरा पदरात घेतला. "हा त्याइच्या हातात व्हता साहेब. त्याइच्यासंगंच सरनावर जळाला. म्या सोता पाह्यला."

साहेबाने पंचनाम्यात चिमटा लिहिला, तंतू लिहिला. दोऱ्यापाशी त्याची लेखणी थांबली, आणि त्याने ते लिहिलं नाही.

हे मला सूर्यभानने सांगितलं, आणि पुढे त्या शिपायानेही, वेगवेगळ्या वेळी. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

परवापासून जिनिंगचे चिमटे आपल्या दुकानात तपासायला येतील. वही तुम्हा दोघांच्या हातात देतो आहे. जे डोळ्यांनी पाहाल तेवढंच तिच्यात लिहा. जे पाहिलं नाही, तिथली जागा कोरी सोडा, आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा की राहिलं आहे. तो रागावेल, शिव्या देईल, दुसऱ्या दुकानात जाईल. जाऊ द्या. पण हिशेब खरा ठेवा रे बाबांनो, एवढं माझं ऐका.