सगळं नीट ऐकलं, म्हाताऱ्या

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर गुदरली, त्यानेच मला सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीतल्या, बाकावर बसून सांगितली. अमेरिकेतल्या लेक सुपीरियरच्या काठावरचे हे फिनिश म्हातारे सॉनात थापा मारत नाहीत. बाहेर मारतात, भरपूर मारतात.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. अमावस्या नव्हती, मध्यरात्र नव्हती. सकाळचे सात वाजले होते, चुलीवर कॉफी होती.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

वेंडेल हार्यू माझा शेजारी. जन्म जहाजांत खनिज भरायच्या धक्क्यावर गेला, आता हॅम रेडिओचं, म्हणजे घरबसल्या बिनतारी संदेशांचं, वेड. रोज सकाळी सातला तो आयनो सारेला या जुन्या मित्राशी मोर्समध्ये गप्पा मारायचा. आयनो खाडीपलीकडे जंगलात एकटा राहायचा. लाकडाच्या गिरणीत त्याची दोन बोटं गेली होती, त्यामुळे त्याचा मोर्स जरा लंगडायचा. हजारात ओळखू यावा असा.

पण आयनो बोलायला लागला की थांबायचा नाही. गुडघे, शेगडी, कुत्रा... पुन्हा गुडघे.

मग वेंडेलने रेडिओला जोडायची एक डबी आणली. चार बटणांची. एकदा संदेश भरून ठेवायचा, बटण दाबलं की मोर्स आपोआप सुरू. दुसऱ्या बटणात त्याने भरलं, ‘सगळं नीट ऐकलं, म्हाताऱ्या. मस्त. इकडे ठीक. उद्या याच वेळी.’

हॅमवाले एकमेकांना म्हाताऱ्याच म्हणतात, समोरचा विशीतला असला तरी.

झालं! आयनो तिकडे टकटकत राहायचा आणि हा इकडे स्वयंपाकघरात पॅनकेक हाणायचा. आवाज थांबला की जाऊन बटण दाबायचं.

“लाज वाटते का रे?” त्याची बायको लोरेन म्हणायची. “तो बिचारा डबीशी बोलतोय.”

“त्याला कुठे कळतंय? आणि तुझ्याशी बोलताना मला अशी डबी मिळाली असती तर...”

“तुला डबी कशाला? तू स्वतःच डबी आहेस की.”

दोघं हसायचे.

त्या मंगळवारी वादळाने खाडीपलीकडच्या फोनच्या तारा तुटल्या होत्या. सातला आयनोने हाक दिली. टकटक नेहमीपेक्षा हळू येत होती... मध्येच थांबत होती... पुन्हा येत होती.

वेंडेल पॅनकेकवर जॅम घालत होता.

आवाज थांबला. त्याने जाऊन दुसरं बटण दाबलं, आणि परत येऊन खायला बसला.

दुसऱ्या दिवशी आयनोची हाक आली नाही.

दुपारी फोन वाजला. कॅनडातला रेमंड पेल्तिए. तोही हॅम, दोघांच्या गप्पा रोज नुसता ऐकणारा.

“वेंडेल, आयनो कसा आहे? रुग्णवाहिका वेळेत पोचली ना?”

“रुग्णवाहिका?”



“अरे, काल त्याने तुला सांगितलं ना... छातीत कळ येतेय, हात उचलत नाही, फोन बंद आहे, कुणाला तरी पाठव. मी मदतीसाठी फोन उचललाच होता. तेवढ्यात तू म्हणालास, सगळं नीट ऐकलं. मग मी ठेवून दिला. म्हटलं, वेंडेल आहे ना.”

एकाने ‘ऐकलं’ म्हटलं, की बाकीच्यांनी मध्ये पडायचं नाही. हा या मंडळींचा रिवाज.



“तिला उशीर झाला रे,” वेंडेल म्हणाला. धडधडीत खोटं.

माणसं पोचली तेव्हा आयनो रेडिओसमोरच्या खुर्चीत सापडला. हात मोर्स ठोकायच्या कीवर. कुत्रा पायाशी.

दफनानंतरच्या जेवणात आयनोची पुतणी वेंडेलच्या गळ्यात पडली. “शेवटी तुम्ही होतात त्यांच्यासोबत. एकटे नाही गेले, तेवढंच समाधान.” वेंडेलला तिथल्या तिथे धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण तो गप्प राहिला, आणि पुढ्यातलं ताट त्याने संपवलंसुद्धा. हे सांगताना त्याने तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

पुढच्या रविवारी लोरेन बाहेर बर्फ ओढत होती. वेंडेलने डबीतले सगळे संदेश पुसले, डबी खणात टाकली आणि रेडिओ लावला.

नुसती खरखर.

सात वाजले...

हाक आली. वेंडेलच्याच नावाची.

लंगडी.

 त्याने जुनी की पुढे ओढली आणि कितीतरी दिवसांनी स्वतःच्या हाताने टकटक केली. सगळं सांगितलं. मी ऐकत नव्हतो. मी खात होतो. रेमंडशी खोटं बोललो, तुझ्या पुतणीपुढे गप्प बसलो. मला माफ कर, आयनो.

खरखर...

मग उत्तर आलं. सावकाश.

‘सगळं नीट ऐकलं, म्हाताऱ्या. मस्त. इकडे ठीक. उद्या याच वेळी.’

शब्दन् शब्द तोच.

वेंडेलने अँटेनाची तार उपटली.

आवाज चालूच.

रेडिओ बंद केला. त्याचा दिवा विझला.

तरी आवाज चालूच...

दार उघडून लोरेन आत आली. बूट काढता काढता सवयीने म्हणाली, “आयनो का रे? आज लवकर आटपला वाटतं.”

आणि एक बूट हातात धरून ती तिथेच खाली बसली.

तेव्हापासून वेंडेल रोज सातला बसतो. रोज सगळं पहिल्यापासून सांगतो. उत्तर रोज तेच.

सॉनात तो मला म्हणाला, “तो माफ करतोय की नुसतं बटण दाबतोय, तेच कळत नाही. खरंच ऐकलं असेल का रे त्याने?”

माझ्या तोंडात ‘हो’ आलं होतं. अगदी सहज. मी ते गिळलं.

मला मोर्स येत नाही. पण हल्ली सकाळी कॉफी घेऊन मी ओसरीवर जात नाही. वेंडेलच्या खिडकीतून दोन आवाज येतात. एक थरथरता, लांबलचक, संपता न संपणारा.

आणि तो संपला की दुसरा...

लंगडा. थोडकाच. रोज तेवढाच.