कोमट फुगा

पहिली खटकलेली गोष्ट अगदीच बारीक. फुगा कोमट होता.

आणि इस्त्री तर अजून तापायलाही लावली नव्हती.

"थांबा मामा, फुगा म्हणजे काय?" गच्चीवरच्या अंधारातून एका भाच्याने विचारलं.

मामा जन्मभर जुन्या फर्निचरला पॉलिश करत आलेले. "अरे, जुन्या कपाटाच्या साध्या लाकडावर उंची लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. व्हिनियर. खालचा सरस सुटला की तो फुगतो. भाजलेल्या कातडीवर फोड येतो ना, तसा. ही गोष्ट माझ्याकडे काम शिकलेल्या एका पोरीची. खोटं वाटत असेल तर उद्या कारखान्यात या. तिच्या कपाटाचं दार भिंतीला टेकवून ठेवलंय. फुगा अजून बसलेला नाही."

कुणी हसलं नाही.

तिने ते कपाट जुन्या बाजारातून लेकीच्या कपड्यांसाठी आणलं होतं. शनिवारची रात्र, नऊचा सुमार. नवरा रात्रपाळीला, चार वर्षांची चिमी आतल्या खोलीत गाढ झोपलेली. बैठकीत वर्तमानपत्रं पसरून तिने कपाट उताणं निजवलं, दार वर. फुग्यावर ओलं फडकं घालून इस्त्री फिरवायची, म्हणजे जुना सरस वितळतो. मग फळी आणि वजन ठेवायचं, की पापुद्रा पुन्हा धरतो. मामांनी एक गोष्ट कान धरून शिकवली होती: वजन ठेवण्याआधी दार उघडून आत बघायचं. काही राहिलं असेल तर वाफेने चिकटून बसतं.

त्या रात्री ती आत बघायला विसरली.

इस्त्री फिरवली. फळी ठेवली. फळीवर नवऱ्याची दोन डंबेल्स, वर शिलाई मशीन. हात धुऊन आली, तर फळीच्या कडेला दुसरा फुगा. पहिल्याच्या वीतभर खाली. कुठवर सुटलंय ते कळावं म्हणून तिने नखाने वाजवून पाहिलं.

टक टक. पोकळ.

आणि आतून... टक टक.

तिला आधी हसूच आलं. चिमीचा हा लाडका खेळ. कपाटात लपायचं, दोनदा वाजवायचं आणि आईने विचारायचं, "कोण आहे गं आत?"

मग हसू ओठांवरच विझलं. दार बंद. वर एवढं वजन. आत हवा ती किती?

"चिमे?"

ती खोलीत धावली. पलंग रिकामा. पांघरूण खाली लोळत होतं.

"पण मामा, चिमी आत गेली कधी?"

"गप ना रे!" बहिणीने त्याला चिमटा काढला.

 मामा हळूच म्हणाले, "पोर दिसेना झाली की आईला असले हिशेब सुचत नाहीत, बाळा."

"चिमे, ओ दे ना गं!"

घर गप्प. फक्त कपाटातून... टक टक.

तिने मशीन ढकललं. एक डंबेल पायावर पडलं, तिला कळलंही नाही. दुसरं. मग फळी. आतला आवाज मंदावत चालला होता. टक... एकदाच.

मग तोही नाही.

तिने दारावर हात ठेवला. तळव्याखाली फुगा. कोमट. वर येत होता... खाली जात होता...

"घाबरू नकोस राणी... आई आहे ना... ये, बाहेर ये..."

कडी सरकवली. दार बोटभर उचललं. जड होतं.

आतून कुणीतरी हात लावला. दार हलकं झालं.

आणि तिच्या पाठीमागून, आतल्या खोलीच्या दारातून, इतका वेळ पलंग आणि भिंतीच्या सांदीत घसरून झोपलेल्या चिमीचा पेंगुळलेला आवाज आला,

"आई, कुणाशी बोलतेस?"