मौजे बोरसोत, माणसे दोनशे अकरा

१९०९ सालच्या चैत्रात मला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. त्याआधी तीन वर्षं मी कचेरीच्या मागच्या कोठीत जुनं दफ्तर लावत होतो. कागद बांधलेल्या रुमालाची गाठ सोडायची, मोडी कागद वाचायचा आणि तीनपैकी एका ढिगात टाकायचा. कायम ठेवायचे, बारा वर्षं ठेवायचे आणि जाळायचे. तिसरा ढीग नेहमी मोठा असे. धूळ नाकात जाऊन जाऊन मला जेवणाची चव लागेनाशी झाली होती, आणि माझा आपल्या स्वयंपाकावर राग आहे असं माझ्या बायकोला, कुसुमावतीला, वाटत असे.

ही कचेरी धार शहरात होती, पण दरबारची नव्हे. एका जहागीरदाराची होती. जहागिरीत चाळीस गावं. दोघा भावांत वाटणी झाली तेव्हा थोरल्याची कचेरी धारला राहिली आणि धाकट्याची देवासला गेली. पाच-सात गावं कुणाच्या वाट्याची, हा वाद मात्र मिटलाच नाही. त्या गावांचे कागद धारहून देवासला आणि देवासहून धारला हिंडत.

आमचे दफ्तरदार मल्हारराव. तीस वर्षांची नोकरी, पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला गंध. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांच्या हाताखाली एकही कागद गहाळ झाला नव्हता, याचा त्यांना अभिमान होता आणि तो खराही होता.

नव्या कामाच्या पाचव्या दिवशी डाकेच्या कागदांत एक जाडाभरडा, हातकागदाचा तुकडा निघाला. मोडी अक्षर बारीक, दाबून लिहिलेलं.

‘मौजे बोरसोत येथील पटवारी शालिग्राम याची अर्जी. गावात दाणा राहिला नाही. विहीर आटली. माणसे दोनशे अकरा. मागील अर्ज्यांचे उत्तर आले नाही. कृपा करून धान्य पाठवावे.’

त्या साली पाऊसपाणी चांगलं झालेलं होतं. कुठे टंचाई नव्हती. मी कागद नाकाशी नेला. शाईचा वास ताजा होता.

डाकेची थैली फाटकावरचा जमादार खंडोजी उघडत असे. पलटणीतून आलेला, पंचावन्नचा, उगाच न बोलणारा माणूस. त्याला विचारलं.

“पंत, थैली मीच खोलली. चार लिफाफे होते. हा पाचवा कुठून आला, राम जाने.” मग त्याने गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं.

“बोरसोत? नालछ्याच्या पल्याड, घाटात?”

“हो.”

“तिथं कोणी नाही, पंत. छप्पनच्या काळात सगळं गाव गेलं. मी पाहून आलोय. भिंती उभ्या होत्या. बस.”

संवत छप्पनचा दुष्काळ म्हणजे नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कोठीत गेलो. बोरसोतचा रुमाल सापडायला वेळ लागला नाही, कारण गेल्याच महिन्यात मी तो स्वतःच्या हाताने जाळायच्या ढिगात टाकला होता. आत सतरा अर्ज्या होत्या. सगळ्या त्या सालच्या, सगळ्या शालिग्रामच्या. तेच बारीक अक्षर, ‘ण’ची तीच लांब ओढ. एकाही अर्जीवर शेरा नव्हता. ‘पाहिले’ एवढंसुद्धा नाही. पहिल्या अर्जीत माणसे तीनशे चाळीस होती. शेवटच्या अर्जीत दोनशे अकरा.

मी तर्काने चालणारा माणूस आहे. जुनी अर्जी पाहून कुणीतरी अक्षर गिरवलं असणार, कचेरीची बदनामी करायला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्जी आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मजकूर तोच. फक्त ‘मागील अर्ज्यांचे उत्तर आले नाही’ हे वाक्य दर वेळी जरा जास्त दाबून लिहिलेलं.

सकाळी जेवताना मी हे कुसुमावतीला सांगितलं. ती भात वाढत होती. हसेल किंवा घाबरेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, “मग उत्तर काय धाडलंत?”

“उत्तर कुणाला धाडायचं? तिथे कुणी नाही.”

“ते मेल्यावर झालं. आधी सतरा वेळा लिहिलं, तेव्हा होते ना?”

मी हात धुतले. कचेरीत गेलो तो उत्तर धाडायचं मनाशी ठरवूनच. कुणी चेष्टा करत असेल तर त्याला समोर आणायला हाच उपाय होता. तसं मी स्वतःला समजावलं. पण उत्तर लिहिताना मी चेष्टेखोराला लिहीत नव्हतो, हेही मला ठाऊक होतं.

‘अर्जी पावली. धान्य मंजूर. गावाने धार कचेरीत हजर होऊन न्यावे.’

खाली सही केली, शिक्का मारला, जावक नंबर घातला. खंडोजीने लिफाफा नालछ्याच्या थैलीत टाकला. नालछ्याच्या ठाण्यात थैली उघडली तेव्हा तो लिफाफा आत नव्हता.

दोन दिवसांनी कागद आला. ‘हुकूम पावला. सरकारचे कल्याण असो. गाव निघाले. माणसे दोनशे अकरा, पैकी ज्यांस चालवत नाही ती बावीस, त्यांस पाठीवर घेतले.’

पुढच्या दिवशी : ‘मुक्काम घाटमाथा.’

त्याच्या पुढच्या दिवशी : ‘मुक्काम नालछा. तलावाचे पाणी प्यालो, तहान जात नाही.’

खंडोजीला मी हे वाचून दाखवायला नको होतं. तो भिंतीला टेकून खाली बसला. “पंत, धान्य कुठाय?” त्याने विचारलं. “तुम्ही मंजूर केलंत. कुठाय?”

कोठारावर माझा हुकूम चालत नव्हता. मी महिना बारा रुपयांचा कारकून.

चौथ्या दिवशी कागद आलाच नाही. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

पाचव्या दिवशी भर दुपारी, बाराच्या सुमाराला, आम्ही सहा कारकून माना घालून लिहीत होतो. बाहेर अंगणात ऊन रणरणत होतं. वारा नव्हता. मला आधी वास आला, तापलेल्या मातीचा आणि उकडलेल्या पाल्याचा. तीन वर्षांत मला एवढा स्पष्ट वास कशाचाच आला नव्हता.

मग आवाज आला.

खूप माणसं एकदम जमिनीवर बसली की होतो तसा. कपड्यांची सळसळ, गुडघ्यांची कुरकुर, टेकताना सुटलेला श्वास. एक लहान मूल किरकिरलं आणि थांबलं.

सहाही लेखण्या थांबल्या. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

मी दारात गेलो. अंगण रिकामं होतं. फाटकापाशी खंडोजी पगडी हातात घेऊन उभा होता. ओसरीवरचे पाण्याचे चारही रांजण सकाळी भरलेले होते. मी झाकणं उचलून पाहिली. आत ओलसुद्धा नव्हती.

माझ्या टेबलावर कागद होता. ‘हुकुमाप्रमाणे हजर. माणसे दोनशे अकरा. बसून आहोत.’

मल्हारराव आपल्या खोलीतून सावकाश आले. त्यांनी कागद उचलला, चष्मा न लावताच वाचला. ते दचकतील म्हणून मी वाट पाहत होतो. ते दचकले नाहीत. ते माझ्यावर चिडले.

“तू उत्तर दिलंस?”

“हो.”

“कुणी सांगितलं होतं?” आवाज हळूच होता. “दर चैत्रात येतात या अर्ज्या. मी बांधून ठेवतो. नऊ वर्षं बांधून ठेवतोय. कपाटात एकेका सालचं पुडकं आहे, येऊन बघ. उत्तर दिलं नाही तर कुणी येत नाही.”

“तेव्हाही,” मी म्हणालो, “त्या सालीही आपणच बांधून ठेवल्या होत्या?”

“गाव वादातलं होतं,” ते म्हणाले. “धान्य दिलं असतं तर गाव आपलं असं कबूल केल्यासारखं झालं असतं. धाकट्यांनीही दिलं नाही. ते बरोबर, की आम्ही बरोबर, हे ठरेपर्यंत थांबायचं होतं.”

“ठरलं का?”

“अजून नाही.” त्यांनी माझ्यासमोर कोरा कागद सरकवला. “लिही. सदर मौजे वाटणीत देवासकडे असल्याने या कचेरीस अधिकार नाही. अर्जदारांनी देवास कचेरीत हजर व्हावे.”

“ते चालत जाणार. साठ मैल.”

“नीलकंठ, तुझी आई तुझ्याच पगारावर जगते ना?”

मी लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

कागद मी पायरीवर ठेवला, वर खडा ठेवला. आत येऊन पाठमोरा बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग अंगणात उठण्याचा आवाज झाला. कुणी हात देऊन कुणाला उठवत होतं. कुणी खोकलं. पावलं फाटकाकडे गेली.

उठण्याचा आवाज बसण्याच्या आवाजापेक्षा कमी होता.

दुसऱ्या दिवशी आलेल्या कागदावर मुक्काम बेटमा होता. ‘हुकुमाप्रमाणे देवासकडे निघालो. माणसे दोनशे सात. चार म्हातारी कचेरीच्या अंगणात राहिली, त्यांच्याने उठवले नाही. त्यांस सांभाळावे.’

खंडोजीने त्याच दिवशी नोकरी सोडली. जाताना तो अंगणाच्या कडेकडेने, भिंतीला धरून गेला. पुढे मीही तसाच जायला लागलो. बाकीचे कारकूनही तसेच जात.

आठ दिवसांनी देवासच्या मुक्कामाचा कागद आला. ‘देवास कचेरी म्हणते की मौजे धारकडील आहे. परत फिरावे किंवा कसे, याचा हुकूम व्हावा. वाटेत पार्वती, हरीची बायको, हीस मुलगी झाली. तिचे नाव अजून ठेवले नाही. देवास दफ्तरी तिची नोंद घेत नाहीत. निदान तेवढी आपले दफ्तरी व्हावी.’

मल्हाररावांनी तो कागद पुडक्यात बांधला. परत फिरण्याबद्दल त्यांनी हुकूम दिला नाही. मी दिला नाही. त्यानंतर त्या चैत्रात दुसरा कागद आला नाही. आजही ते देवासच्या कचेरीबाहेर हुकुमाची वाट पाहत बसले असतील, तर ते माझ्याच हुकुमाने. इतकी वर्षं मी मल्हाररावांना दोष देत आलो. पण तो कागद माझ्या अक्षरात आहे.

एकच गोष्ट मी केली. जहागिरीच्या जन्मांची वही माझ्याकडे होती. मल्हारराव जेवायला गेले असताना मी ती उघडली. मौजे बोरसोत. आईचं नाव पार्वती, बापाचं हरी. मूल मुलगी. नावाचा रकाना मोकळा सोडला. नोंद करणाऱ्याची सही केली. ते मी जेवताना कुसुमावतीला सांगितलं. तिने माझ्या ताटात तूप वाढलं आणि ती आत गेली.

मग पावसाळा आला, गेला. थंडी पडली की देवी टोचणारे उमाशंकर गावोगाव फिरत. त्यांना आम्ही वहीतून नव्या मुलांची यादी उतरवून देत असू. त्या वर्षी यादी मी नव्हे, दुसऱ्या कारकुनाने उतरवली. वहीतली बोरसोतची नोंद माझ्या लक्षातही नव्हती. उमाशंकर म्हणजे चोख माणूस; मूल गावात नसेल तर जिथे गेलं असेल तिथे शोधत जात. जे मूल सापडलं नाही त्याच्यासमोर ‘नाही’ लिहीत, आणि न टोचता ‘टोचले’ असं त्यांनी कधी लिहिलं नाही.

पौषात यादी परत आली. मी ती तपासून वहीत चढवत होतो. एकशे चौदा मुलं. तेराव्यासमोर ‘नाही’. पन्नासाव्यासमोर ‘ताप आहे, पुढे पाहू’. शेवटच्या पानावर मौजे बोरसोत होतं, एकच ओळ. राहण्याच्या ठिकाणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं : ‘देवासचा नाका, रस्त्याच्या कडेला, मंडळी बसून आहेत.’

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : ‘टोचले. रक्त आले नाही. फोड उठला नाही. मुलीचा हात फार गार. पुढील साली पुन्हा टोचावे.’